शेवटच्या कडव्यातलं नाव

एकच गाणं मी सहा प्रकारे ऐकलंय आणि सहाही वेळा ते वेगळ्याच ठिकाणी संपतं! हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून आधी गाण्याचं सांगते, मग आमच्या घराचं. तसं ते एकच आहे म्हणा.

"उघड दार, माय, उजेड आला दारी." भिवंडीत कुठल्याही बौद्ध वस्तीत जा, जयंतीच्या सकाळी भोंग्यावर पहिलं हेच लागतं. माझ्या जन्माच्या आधी त्याचा तवा निघाला. तवा म्हणजे रेकॉर्ड, छोटी, काळी, बशीएवढी. मुंबईच्या एका मोठ्या गायकानं गायलं आणि असं काही चाललं की लग्नात, बारशात, नव्या घराच्या वंदनेला, सगळीकडं तेच. ऐंशीच्या सुमाराला मी शाळेत जायला लागले तेव्हा ते जुनं झालं होतं, तरी वाजायचं थांबलं नव्हतं.

आणि ते गाणं लिहिलं माझ्या बाबांनी. असं बाबा म्हणायचे.

माझा मामा म्हणायचा, गाणं माझं हाय.

आता तव्याच्या लेबलवर बघावं ना कुणाचं नाव आहे, तर तिथं छापलंय "पारंपरिक". संपलं! पण आमच्या गायन पार्ट्यांत एक रीत आहे. ज्यानं गाणं लिहिलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. "म्हणे अमुक, ऐक गं माय," असं. कागदपत्र नाही, सही नाही, ते कडवं हीच सही. पार्टी रंगात आली की हे गाणं दहा-बारा मिनिटं चालायचं आणि तव्याची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची. मग स्टुडिओत कापाकापी झाली. कापताना काय कापतील? शेवट. म्हणजे नेमकी सहीच कापली गेली. तव्यावर तीन कडवी आहेत, चौथं नाहीच. आणि भांडण सगळं चौथ्या कडव्याचं.

बाबा आणि मामा तरुणपणी एकाच पार्टीत होते. बाबा गायचे, मामा ढोलकीवर. त्याच ओळखीतून आईचं लग्न झालं, मामा आईचा थोरला भाऊ. पुढं बाबा लूमवर जॉबर झाले, माग बिघडला की दुरुस्त करायचे, मालक लोक "मास्टर, मास्टर" करायचे. वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. मामा गावीच, दिघाशीला राहिला. कधी वीटभट्टीवर, कधी गवत कापायला, आणि संध्याकाळी पिऊन.

बाबा त्याचा जो छळ करायचे ना, तो इतका मजेशीर असायचा की आम्ही पोट धरून हसायचो. खरंच सांगते. मामा महिन्यातून एकदा यायचा, आईसाठी वाल नाहीतर तांदळाच्या कण्या घेऊन, दारात चपला काढून उभा राहायचा, आणि बाबा आतूनच ओरडायचे, "या या, कविराज! चहा घेता का? का गाण्याच्या मीटरमध्ये बसत न्हाय?"

मामा म्हणायचा, "घेतो की दाजी."

"अगं, कविराजांना चहा दे. कपात देऊ नको, कप फुटतो यांच्या हातून. पेल्यात दे." मग शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, "तव्यावर गाणं यांचं, आणि खिशात बिडीला काडी न्हाय!"

हे "कविराज" बाबांनीच ठेवलेलं. एकदा मामानं कुणाच्या तरी हळदीत, पिऊन, तवा वाजत असताना उभं राहून म्हटलं होतं, "ह्ये गाणं माझं हाय." मांडवातले सगळे हसले होते. तेव्हापासून वस्तीत त्याला दुसरं नाव राहिलं नाही. आम्ही पोरं तर त्याच्या मागं पत्र्याचा डबा वाजवत जायचो, "कविराज, नवीन गाणं द्या! कविराज, एक कडवं उधार!" डबा माझ्या हातात असायचा. मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचे, कारण तो माझाच मामा, दुसऱ्या कुणाला तेवढा हक्क कसा? तो वळून बघायचा नाही. एकदाच वळला आणि म्हणाला, "बाय, ठेका चुकतोय तुझा. तिसऱ्या मात्रेला हलकं मार." आम्ही आणखी हसलो.

पण मला डाचायचं ते वेगळंच. शाळेत, नळावर, कुणीतरी म्हणायचंच, "तुझ्या बापाचं गाणं ना? मग नाव कुठंय त्याच्यात?" दहावीनंतर धामणकर नाक्याला टायपिंगच्या क्लासला जायला लागले तर तिथंही वस्तीतलीच एक जण, ती तर सरळ म्हणाली, "एक तुझा बाप म्हणतो माझं, एक तुझा मामा म्हणतो माझं. तुमच्या घरात गाणं आहे का म्हैस?" त्या दिवशी मी ठरवलं. चौथं कडवं शोधायचं. कुठंतरी असणारच. बाबांचं नाव मी सगळ्यांच्या कानात घालणार होते.

बाबांना विचारलं, "चौथं कडवं म्हणून दाखवा ना."

बाबा घरी गायचे, छान गायचे, पण तिसऱ्या कडव्यानंतर हात हलवायचे आणि म्हणायचे, "पुढचं तुम्हाला म्हाईतच हाय." आम्हाला माहीत नव्हतं. तेव्हाही तेच म्हणाले. मला वाटलं, केवढे साधे आहेत बाबा, स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं घेत नाहीत.

मग मी वेड्यासारखी तवे आणि कॅसेट ऐकत सुटले. क्लासच्या खालीच साउंड सर्व्हिसवाल्या चाचांचं दुकान होतं. लग्न असो, उरूस असो, जयंती असो, भोंगे त्यांचेच. तवे पाट्यांत रचून ठेवलेले, मध्ये वर्तमानपत्र. चाचांनी मला एक नाही, दोन तवे काढून दिले. म्हणाले, "बेटी, दोनों एक मत समझना. ये पहला छापा है, ये दूसरा."

आणि खरंच दोन वेगळे! पहिल्या छाप्यात सुरुवातीला फक्त ढोलकी, आठ ठेके, मग गायकाचा आवाज. आणि शेवट कसा, तर तिसरं कडवं संपतं, ढोलकी पुढच्या कडव्याचा उठाव घेते आणि मध्येच फट! सुई आत लेबलाकडं सरकते. म्हणजे ढोलकीवाल्याला सांगितलंच नव्हतं की इथं संपणार आहे. मला इतका आनंद झाला. म्हटलं, बघा, चौथं कडवं होतं! दुसऱ्या छाप्यात तो उठावसुद्धा पुसलाय, वरून बायकांचा कोरस चढवलाय आणि दुसरं कडवं अर्धंच ठेवलंय.

"अर्धं का केलं, चाचा?"

"रेडियो के लिये. तीन मिनट के अंदर चाहिये था. तीन मिनट में आदमी की जान निकल जाती है, ये तो गाना है."

मग कॅसेटचे दिवस आले तेव्हा त्याच गायकानं गाणं पुन्हा गायलं होतं. ती कॅसेट मी शेलार गावच्या एका मैत्रिणीकडून आणली. त्यात चार कडवी! चौथं लागलं आणि काय ऐकते, तर "म्हणे" नंतर गायकानं स्वतःचंच नाव घुसवलंय. चोर! पण ऐकायला मजा आली, कारण नाव बसतच नाही. "म्हणे" झाल्यावर तो श्वास गिळतो, नाव भरभर उरकतो आणि "ऐक गं माय" वर धापा टाकत येतो. मी ती जागा वीसेक वेळा मागं घेऊन ऐकली. चाचा म्हणाले, "जिसका नाम इस जगह का था, वो छोटा नाम था. तीन हरफ का. ये पाँच हरफवाला अंदर घुस रहा है, इसलिये दरवाज़े में अटक गया."

बाबांचं नावही पाच अक्षरी. मामाचं तीन. तेव्हा माझ्या डोक्यात हे शिरलंच नाही. मी म्हटलं, बाबा बसवत असतील बरोबर, ते कवीच आहेत.

चौथा प्रकार म्हणजे नॉनस्टॉप. बेंजो, कीबोर्ड, मागं कुणीतरी "हेय हेय" करतंय, कडवी एकही नाही, नुसतं "उघड दार, उघड दार", जणू पोलीस आलेत. नव्वदच्या पुढं जयंतीच्या मिरवणुकीत पोरं ह्याच्यावरच नाचायची. त्याचं मी काही बोलत नाही.

आणि मग पाचवा. शेलारला एक निवृत्त गुरुजी होते. पूर्वी आपल्या गावातल्या जयंतीचे कार्यक्रम ते टेप करून ठेवायचे, स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर, मांडीवर घेऊन. मैत्रीण म्हणाली, त्यांच्याकडं तुझ्या बाबांच्या पार्टीची टेप आहे, तव्याच्याही आधीची. मी त्याच दुपारी गेले. गुरुजींनी हातरुमालातून कॅसेट काढली.

"पोरी, ही जुनी झालीये. गुंडाळते. मागं-पुढं करायची न्हाय. सरळ लावायची, सरळ काढायची."

लावली. आणि बाबांचा आवाज! कोवळा, उंच, तारेसारखा. मागं ढोलकी. ती मामाचीच असणार, पण मला ढोलकीकडं लक्ष द्यायला वेळ कुठं होता? एक कडवं, दोन कडवी, तिसरं चालू, आणि लाइट गेली.

दीड तास बसले. लाइट आली नाही. गुरुजी बॅटरीवर लावायला तयार नव्हते, म्हणाले बॅटरी उतरली की टेप अडकते. आता हे वाचणारा कुणीही म्हणेल, मग दुसऱ्या दिवशी जायचं होतंस. हो, जायचं होतं. पण जयंती तीन दिवसांवर आलेली आणि त्या वर्षी मंडळानं बाबांचा सत्कार ठरवलेला, "अजरामर गीताचे कवी" म्हणून. मानपत्र मीच टाइप केलं होतं. मला एवढंच दिसत होतं की सत्कार चाललाय, आणि भोंग्यावरून बाबांचं नाव बाबांच्याच आवाजात येतंय! मी गुरुजींना म्हटलं, टेप घेऊन तुम्हीच या, तुमच्या हातानं लावा. ते तयार झाले. मंडळाच्या सेक्रेटरीला सांगितलं. बाबांना नाही सांगितलं, त्यांना सरप्राइज.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"शेवटपर्यंत ऐकलंस?"

"अगं, आवाज बाबांचाच आहे. शंभर टक्के."

"शेवटपर्यंत ऐकलंस का, ते विचारते."

"लाइट गेली ना."

तिनं भाकरी उलटली. "बरं," म्हणाली. बस्स, एवढंच. एका शब्दानं थांबवलं असतं तर मी थांबले असते. आजही मला कळत नाही, तिला भीती वाटली होती, का तिलाच ते एकदा वाजायला हवं होतं.

जयंतीच्या दिवशी सकाळची वंदना झाली आणि विहारापुढच्या मांडवात कार्यक्रम सुरू झाला. उन्हानं ताडपत्री तापलेली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं भोंग्याच्या खांबाला लटकलेली. बाबा स्टेजवर पांढऱ्या शर्टात. मामाही आला होता, धुतलेले कपडे घालून, न पिता, आणि मागं पाण्याच्या ड्रमजवळ उभा. बाबांनी माइकवरून त्याला बघितलं आणि म्हणाले, "कविराज आलेत! कविराजांना खुर्ची द्या. पाय हललं तर ड्रम सांडतील." मांडव हसला. मामा खुर्चीवर बसला.

मग मी माइक घेतला. असा जोर चढला होता मला! पहिला छापा लावला, "आता ऐका, ढोलकी कशी मध्येच तुटते." दुसरा छापा, "आता ऐका, बायका कुठून आल्या." मग कॅसेट, गायकाचं नाव दारात अडकतं ते, आणि लोक असे हसले, शिट्ट्या काय मारल्या! "चोर! चोर!" पोरं ओरडली. मी म्हटलं, "आता खरं नाव ऐकायचं?" "हो!" अख्खा मांडव. बाबा माझ्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा मी नीट बघितलाच नाही, मी गुरुजींना खूण करत होते.

टेप लागली. बाबांचा तरुण आवाज. म्हाताऱ्या माणसांनी माना डोलवल्या. एक, दोन, तीन. ढोलकीचा उठाव, जो तव्यावर तुटला होता तो, इथं पुरा, आणि चौथं कडवं. "म्हणे," बाबा गायले, आणि मामाचं नाव घेतलं. तीन अक्षरं. कसं बसलं! चौकटीत दार बसतं तसं. "ऐक गं माय, उजेड आला दारी."

बाबांच्याच तोंडून.

मग मागून कुणीतरी खिदळलं. मग कुणी ओरडलं, "परत लावा! ऐकू न्हाय आलं!" ऐकू आलं होतं सगळ्यांना. गुरुजी नको नको म्हणत होते, पण सेक्रेटरीनं बटण दाबलं, मागं घेतलं, पुन्हा तेच. पुन्हा मागं, पुन्हा तेच नाव. तिसऱ्या वेळी टेपरेकॉर्डरनं "घर्रर्र" केलं आणि टेप गिळली.

बाबा उठले. मला वाटलं, आता पडतील, नाहीतर निघून जातील. त्यांनी माइक घेतला आणि हसले. इतकं मोकळं हसले!

"आता उघडं पडलंच, तर सांगतो. लपवलं होतं मी. सांगू नये असं वाटायचं." मांडव ऐकतोय. "माझा मेव्हणा. तुम्ही बघताच हाय. तेव्हाही असाच. घरात खायला न्हाय, समाजात मान न्हाय. मला दया आली. म्हटलं, गाणं माझं, पण नाव ह्याचं टाकू. तेवढंच दोन माणसं ह्याला ओळखतील. नाव दान दिलं मी." मग थांबून, "आणि ह्यानं काय केलं? दान घेतलं आणि गावभर सांगत फिरला, गाणं माझं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजून सांगते, नुसत्या नाही, कडकडून वाजवल्या. एक म्हातारी तर डोळे पुसत होती.

"विचारा त्याला," बाबा म्हणाले. "कविराज, उठा. सांगा सगळ्यांना. नाव मी दिलं की न्हाय?"

मामा उठला. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. बायकांच्या बाजूला आई बसली होती, तिच्याकडं त्यानं एकदा बघितलं. आई खाली बघत होती.

"मोठ्यानं!" बाबा म्हणाले. "घरात लय बोलता."

"हाय," मामा म्हणाला. "दाजींनी दिलं."

"काय दिलं?"

"नाव."

पुन्हा टाळ्या. बाबांना शाल आणि पुष्पगुच्छ दिला गेला. मी टाइप केलेलं मानपत्र सेक्रेटरीनं वाचलं, एक शब्द न बदलता. मग बाबांनी मामाला स्टेजवर बोलावलं, आपली शाल त्याच्या खांद्यावर टाकली, त्याला कवेत घेतलं आणि फोटोवाल्याकडं बघितलं. फोटो निघाला. निघाल्यावर त्यांनी शाल काढून घेतली, घडी घातली आणि माइकवर म्हणाले, "ठेवू दे माझ्याकडं. संध्याकाळपातुर विकून पिईल." सगळा मांडव हसला. मीपण हसले. तोंडातून निघून गेलं. मामापण हसला.

गुरुजी कोपऱ्यात बसून टेप सोडवत होते. तीन वेळा मागं घेतलेली नेमकी तीच जागा चुरगळली होती. त्यांनी वीतभर टेप कात्रीनं कापली आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. नंतर मी ती ऐकली. "म्हणे" आणि पुढं थेट टाळ्या. तो तुकडा मी मागितला. गुरुजी म्हणाले, "कशाला? वाजणारेय का आता तो?" आणि कचऱ्यात टाकला.

घरी आलो. आईनं जेवायला वाढलं. बाबा म्हणाले, "पोरीनं चांगला कार्यक्रम केला." त्यांना माझा राग आलाच नव्हता. उलट मी त्यांच्या उपयोगाला आले होते. आता कुणी विचारणार नव्हतं, नाव कुठंय. आता सगळ्यांना माहीत होतं, नाव नाही कारण बाबा मोठ्या मनाचे.

त्याच वर्षी कल्याणच्या एका कॅसेटवाल्यानं ठरवलं, गाणं पुरं काढायचं, चारही कडवी, लेबलवर बाबांचं नाव. बाबा म्हणाले, "दान बास झालं. आता शेवटच्या कडव्यात माझं नाव घालू. तू नीट टाइप करून दे, स्टुडिओत द्यायचंय."

मी बसले. "म्हणे," आणि बाबांचं नाव, "ऐक गं माय." म्हणून बघितलं. अडकतंय. पाच अक्षरं, जागा तीनची, दोन जास्त. बाबांनी स्वतः दोनदा गाऊन बघितलं आणि दोन्ही वेळा त्या मुंबईच्या गायकासारखेच धापा टाकत बाहेर आले. लेखकाला आपलंच नाव आपल्याच गाण्यात बसवता येईना! मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला पुरतं कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळलं.

"तुला जमेल," ते म्हणाले. "तुझे कान चांगले हायत."

मला वेळ लागला नाही. मी "ऐक" काढून टाकलं. दोन अक्षरं गेली, नाव बसलं, "गं माय" वर ठेका बरोबर आला. चार मिनिटांचं काम. तीन प्रती काढल्या, कार्बन लावून. का केलं? सांगू? एक तर बाबांनी माझ्या कानांची तारीफ केली होती. आणि दुसरं, नाव अडकत होतं आणि ते अडकलेलं मला ऐकवत नव्हतं. मामाचा विचार मी केला नाही. करता आला असता.

कॅसेट चालली. नाक्यावर प्रत्येक टपरीत.

पुढं काही महिन्यांनी, भर दुपारी, मी क्लास सुटल्यावर नाक्याच्या रिक्षा स्टँडवर उभी होते. शेअर रिक्षात मागं तीन माणसं भरली आणि शेजारी कोण तर मामा. दिघाशीच्या बाजूला निघालेला, मांडीवर सिमेंटची रिकामी पिशवी. "बाय," म्हणाला आणि सरकून जागा दिली. चौथ्या सीटसाठी रिक्षावाला थांबून होता. त्यानं टेप लावला. तीच, कल्याणची कॅसेट.

मला उतरावंसं वाटलं, पण पलीकडं जाडजूड बाई बसलेली. मामा गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून ऐकत होता. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. मी म्हटलं, "मामा, तेव्हा मांडवात 'हो' कशाला म्हणालास?"

"मंग काय म्हणू?" त्याची बोटं थांबली नव्हती. "माझी भैन त्याच्या घरात हाय. मी न्हाय म्हटलं असतं तर संध्याकाळी घरात राग कोणावर निघाला असता?"

चौथं कडवं आलं. "म्हणे," आणि बाबांचं नाव, पाचही अक्षरं, सुरळीत, "गं माय." मामाची बोटं क्षणभर गुडघ्यावरच थांबली. मग मान हलवली, दाद देताना हलवतात तशी.

"'ऐक' काढलंन," तो म्हणाला. "बसलं की. दाजींना न्हाय जमायचं ते. कोणी केलं?"

मी रिक्षाबाहेर बघायला लागले.

"तू?"

"हो."

"हुशार हाईस," मामा म्हणाला. "मला न्हाय सुचलं असतं. मी 'माय' काढाय बघितलं असतं आणि सगळं पडलं असतं." आणि त्यानं त्या नव्या ओळीचा ठेका पुन्हा एकदा गुडघ्यावर वाजवून बघितला, तिसऱ्या मात्रेला हलका, माझ्यासाठी, नीट कळावं म्हणून.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्या गाण्याच्या बाबतीत माझ्या घरात कुणी मला इतकं खरं काही बोललं नव्हतं. मी त्याला विचारलं, "बरोबर बसलंय ना?" आणि तो म्हणाला, "पक्कं. आता निघत न्हाय."